बाळ छान आहे हो, पण बाळंतीण कशी आहे?

कृष्णाकाठ

बरेच महिने हे लिहायचं मनात होतं. बायकोला विचारून आणि आधी तिला वाचून दाखवून लिहितोय. दोन ठिकाणी ती म्हणाली, "हे नको," तेवढं काढलंय.

आमची मुलगी आता चौदा महिन्यांची आहे. पहिलं बाळंतपण, म्हणून ओटभरण झाल्यावर बायको माहेरी गेली, सांगलीपासून तासाभरावर. मी चाकणला, शिफ्टची नोकरी. शनिवारी रात्री निघायचो आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत. सिझर झालं. मुलगी २ किलो ९०० ग्रॅम, रडली वेळेवर, सगळं व्यवस्थित. दोन्ही घरांत पेढे वाटून झाले.

बाळंतिणीची सेवा कशाला म्हणतात ते मी सासूबाईंकडे पाहिलं. पहाटे बंब पेटायचा. अंग चोळायला मावशी यायच्या. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, जेवणानंतर चमचाभर बाळंतशेपा. रात्री दोनदा उठून सासूबाई स्वतः लंगोट बदलायच्या. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे ज्याला कळलं त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, "माहेरी नीट केलं नाही का तिचं?" केलं. खूप केलं. तरीही ती आजारी पडली.

मला काय दिसत होतं आणि कळत नव्हतं ते सांगतो. बाळ झोपलं तरी ही जागीच. पाळण्याची दोरी हातात धरून बसलेली. रात्रीतून वीस वेळा उठून बाळाच्या नाकापाशी बोट धरायची, श्वास चालू आहे ना म्हणून. फोनवर "हं", "बरं", "ठीक आहे". जेवायला बसली की म्हणायची, "घास गिळवत नाही." बारशाचे फोटो नंतर नीट पाहिले तेव्हा लक्षात आलं, एकाही फोटोत ती बाळाकडे बघत नव्हती. सासूबाई म्हणायच्या, "पहिलटकरीण आहे, अंगावर पाजतेय, होतं असं. सव्वा महिना झाला की येईल ताळ्यावर." त्या मायेनेच म्हणत होत्या, आणि मलाही ते पटत होतं. पटवून घेणं सोयीचं होतं, कारण मला सोमवारी पहिली पाळी असायची.

पाचव्या आठवड्यातला रविवार. मी पिशवी भरत होतो. ती अगदी शांतपणे म्हणाली, "तू हिला नीट सांभाळशील ना?" मी म्हटलं, "आपण दोघं सांभाळू की." ती म्हणाली, "नाही, तू." त्या गाडीत मी बसलो नाही.

दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं, "तुला जगणं नकोसं वाटतंय का?" विचारताना माझी जीभ जड झाली होती. वाटत होतं, आपण विचारलं आणि नसलेला विचार तिच्या डोक्यात घातला तर? पाच आठवड्यांत पहिल्यांदा ती मोकळेपणी रडली. नंतर मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं की असं विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट जो एकटीने वाहत असतो त्याला जागा मिळते. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी तीन आठवडे आधी विचारलं असतं.

पहिल्या दवाखान्यात "आराम करा, टॉनिक घ्या" एवढंच मिळालं. मग सांगलीत मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मला आणि सासूबाईंना बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी पाऊण तास बोलून घेतलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.४ निघालं. थायरॉइडही तपासलं, ते ठीक होतं. बाळंतपणानंतरचं नैराश्य, असं नाव सांगितलं. अंगावर पाजत असताना चालेल अशी गोळी दिली. आणि सासूबाईंना आत बोलावून म्हणाले, "आजी, निम्मं औषध माझ्याकडे आहे आणि निम्मं तुमच्याकडे. हिला रात्री सलग पाच तास झोप मिळायला हवी."

त्या पाच तासांवरून घरात जे झालं ते गोळीवरून झालं नाही. "वरचं दूध? सव्वा महिन्याच्या लेकराला?" दोन दिवस अबोला. शेवटी दूध काढून ठेवायचं, आणि कमी पडलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं द्यायचं, यावर तोडगा निघाला. मी तीन आठवडे बिनपगारी रजा टाकली. रात्री दहा ते तीन बाळ माझ्याकडे, ती दुसऱ्या खोलीत.

पहिले दोन आठवडे काहीही फरक नाही. मी रोज तिच्या चेहऱ्याकडे बघायचो आणि रोज निराश व्हायचो. चौथ्या आठवड्यात एकदा जेवताना ती म्हणाली, "आमटीत मीठ कमी आहे." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. दीड-दोन महिन्यांत तिने एकदाही कशाला चव आहे की नाही हे म्हटलं नव्हतं. मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

आज ती बरी आहे, कामावर जाते. गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करत बंद झाली.

धागा काढण्याचं कारण असं की त्या दोन महिन्यांत घरी जवळजवळ शंभर माणसं येऊन गेली असतील. प्रत्येकाने विचारलं, बाळ कसं आहे, वजन किती, दूध पुरतं का, कोणावर गेलंय. तिला, एकटीला गाठून, "तू कशी आहेस?" असं त्या शंभरांत एकानेही विचारलं नाही. मीही त्या शंभरांतलाच. तुमच्या घरी काय झालं होतं? काय केल्याने उपयोग झाला? आणि नातेवाइकांना सांगायचं की नाही? आमच्या दोन्ही घरांत अजून त्यावर एकमत नाही.

---

सह्यगिरी

आधी सांगतो, तुमच्या पत्नी बऱ्या झाल्या याचा आनंद आहे. माझं वय ७२. माझ्या आईची सात बाळंतपणं घरात झाली, बायकोची तीन. असं नाव आम्ही कधी ऐकलं नाही. मला खरंच काळजी वाटते की प्रत्येक रडण्याला रोगाचं नाव दिलं तर पोरींना आपण आजारी आहोत असंच वाटत राहील. आणि पाजणाऱ्या आईला मनाच्या गोळ्या? त्यांची सवय लागते असं ऐकून आहे. माझी नात पाचव्या महिन्यात आहे, म्हणून विचारतोय. राग मानू नका.

---

शेवंती

सह्यगिरी, नाव होतं. तुम्ही ऐकलं नसेल, कारण ते माजघराबाहेर येत नसे. आमच्याकडे त्याला बाळंतवात म्हणायचे.

मी ६१ वर्षांची आहे. मोठा मुलगा १९८७ चा. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात. पाचवीची पूजा झाली, सटवाईसमोर दिवा लावला आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच मला वाटायला लागलं की पाळण्यातलं मूल माझं नाही, कोणीतरी बदललंय. झोप नाहीच. मी अखंड बोलत होते म्हणे. मला त्यातलं तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. खोलीतला अंधार आठवतो. कानाला बांधलेला फडका आठवतो. "बाहेरचं झालंय" म्हणून देवऋषी आणला. अंगारा, लिंबं, नारळ. मग मूल माझ्यापासून काढून घेतलं आणि जाऊबाईंच्या माहेरी नेलं. माझं दूध आटवलं.

तीन आठवड्यांनी एका नातेवाइकाने सोलापूरला डॉक्टरांकडे नेलं. उपचार झाले आणि दोन महिन्यांत मी पूर्ण बरी झाले. पण मूल पाच महिने परत मिळालं नाही. "पुन्हा वेड लागलं तर?" माझा मुलगा मोठा होईपर्यंत जाऊबाईंनाच आई म्हणत होता. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. त्यांनी त्याला जगवलं. पण आजही घरात भांड्याला भांडं लागलं की कोणीतरी म्हणतं, "हिला पहिल्यापासूनच." अडतीस वर्षं झाली.

हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. कृष्णाकाठ, तुम्ही गाडी सोडलीत, फार बरं केलंत.

---

ओंजळ

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. बरीच वर्षं नव्या आया आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम करते. इथे कोणाचं निदान करणार नाही, पण तीन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात बोलल्या जातात त्या सुट्या करून सांगते.

पहिली म्हणजे बाळंतपणानंतरचं हळवेपण. निम्म्याहून जास्त आयांना होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतं. उगाच रडू येतं, लगेच हसूही येतं, चिडचिड होते. दहा-बारा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. सह्यगिरी, तुम्ही म्हणता ते इथे अगदी बरोबर आहे. याला रोग म्हणू नये. जवळ बसावं, झोपू द्यावं.

दुसरं नैराश्य. दोन आठवडे उलटून गेले तरी मन उठत नाही, कशात जीव लागत नाही, बाळ झोपलं तरी झोप येत नाही, "मी वाईट आई आहे" हे एकच पालुपद. यात रडू येतंच असं नाही. पुष्कळ जणी कृष्णाकाठ यांच्या पत्नीसारख्या गप्प होतात, आणि गप्प बाई घरात कोणाला आजारी वाटत नाही. भारतातल्या ३८ अभ्यासांतल्या वीस हजारांवर आयांची माहिती एकत्र करून २०१७ साली एक लेख प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण साधारण २२ टक्के निघालं. म्हणजे पाच बारशांना गेलात तर एका घरी ही आई असू शकते.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली छापून आला. तिथे ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात होत्या आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. पुष्कळ जणींना गरोदरपणातच त्रास सुरू झाला होता. म्हणून पाचव्या महिन्यातल्या नातीची चौकशी आत्तापासूनच करा, बारशाची वाट बघू नका.

तिसरा प्रकार म्हणजे शेवंतीताईंनी सांगितला तो, बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार, म्हणजे सायकोसिस. हजार बाळंतपणांत एखाद-दुसरं. बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत, अचानक. झोप उडते, बोलणं असंबद्ध होतं, भलतंसलतं ऐकू येतं किंवा खरं वाटू लागतं. ही तातडीची वेळ. हृदयविकाराचा झटका आला तर आपण सकाळपर्यंत थांबत नाही, तसंच इथेही थांबायचं नाही. कुटुंबात किंवा तिला स्वतःला आधी द्विध्रुवीय विकार (बायपोलर, कधी अति उत्साह तर कधी खोल नैराश्य) असेल तर धोका जास्त, म्हणून ते प्रसूतीच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावं. आणि शेवंतीताई, हा आजार उपचारांनी बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. तुम्ही झालात. तुमच्या घराने ते अडतीस वर्षं मान्य केलं नाही, एवढंच.

गोळ्यांबद्दल. नैराश्यावरच्या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लागत नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. बरं वाटलं म्हणून लगेच सोडायच्या नाहीत. साधारणपणे बरं वाटल्यानंतरही निदान सहा महिने घ्याव्या लागतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. दुधात अगदी थोडी उतरतात अशी औषधं आहेत, सर्ट्रालिन त्यातलंच. कोणतं द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील, तुम्ही फक्त "अंगावर पाजते" हे त्यांना न विसरता सांगा. सौम्य त्रास असेल तर पुष्कळदा गोळी लागतही नाही, समुपदेशन आणि घरातली कामाची फेरवाटणी पुरते.

अजून एक, कारण यावर कोणी बोलत नाही. काही आयांच्या मनात बाळाला इजा होईल, आपल्याच हातून होईल असे भयंकर विचार येतात आणि त्या विचारांनी त्या स्वतःच हादरतात. सुरी लपवून ठेवतात, बाळाला आंघोळ घालायचं टाळतात. हे पुष्कळदा चिंतेतून येणारे नकोसे विचार असतात, तिची इच्छा नसते. तिने सांगितलं तर किंचाळू नका, मूल हिसकावून घेऊ नका, डॉक्टरांकडे न्या. पण तोच विचार तिला बरोबर किंवा कोणाची तरी आज्ञा आहे असं वाटत असेल, तर तो वर सांगितलेला तिसरा प्रकार, आणि मग घाई करायची.

---

पायवाट

मी नाशिक जिल्ह्यात आशांची गटप्रवर्तक आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशा सहा वेळा घरी जाते, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी जाऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या कामातून पुढे आली, मग देशभर गेली. आम्ही बाळाचं वजन, ताप, श्वास बघतो, नाळ बघतो. आईचं अंगावरून जाणं, ताप, छातीतल्या गाठी विचारतो.

मन विचारायला बाईला कळेल असा शब्द लागतो. "नैराश्य आहे का" विचारलं तर कोणी हो म्हणत नाही. आमच्या बायका म्हणतात, "जीव घाबरा होतो", "डोकं भणभणतं", "काही गोड लागत नाही", "छातीवर दगड ठेवल्यागत होतंय", "उगीच कुठंतरी निघून जावंसं वाटतं." हे शब्द कानावर आले की मी आशांना सांगते, वजनकाटा बाजूला ठेव आणि बस.

आणि सासू समोर असताना विचारायचंच नाही. "वहिनी, जरा बाळाचं पाणी गरम करता का," असं म्हणून बाहेर पाठवायचं आणि मग विचारायचं. तिसऱ्या मुलीनंतर एक बाई मला म्हणाली होती, "ताई, दूध येतंय पण पाजवत नाही." तिच्या अंगावर वळ होते. तिथे गोळीने काय होणार? तिथे आधी नवऱ्याचा हात थांबवावा लागतो. गोव्याच्या त्या अभ्यासात मुलगी झाल्याचा आणि नवऱ्याच्या मारहाणीचा काही संबंध निघाला का हो, ओंजळताई?

---

ओंजळ

हो, दोन्हीचा. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं. तुम्ही म्हणता ते बरोबर, मारहाण असलेल्या घरात तिला एकटीला गाठणं आणि तिच्या सुरक्षिततेचं आधी बघणं, हाच पहिला उपचार.

---

टेम्सकाठची

मी इंग्लंडमध्ये, रेडिंगला असते. इथे हेल्थ व्हिजिटर म्हणून सरकारी परिचारिका घरी येते. तिने मला दहा प्रश्नांचा कागद दिला. एडिंबरा स्केल म्हणतात त्याला, १९८७ साली तयार झालेली. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारते, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल.

मी सगळ्याला छान-छान उत्तरं दिली. आई भारतातून आली होती, शेजारी बसली होती, आणि परक्या बाईसमोर आपल्या घरचं कशाला, असं मला वाटलं. दुसऱ्या वेळी ती बाई आली तेव्हा मी घरी एकटी होते. मी दार उघडलं आणि ती काही विचारायच्या आधीच मला रडू फुटलं. पायवाट यांनी लिहिलेलं पाणी गरम करायला पाठवणं वाचून म्हणूनच पटलं. कागद तोच होता, मी तीच होते. खोलीत कोण होतं एवढाच फरक.

इथे माझ्या ओळखीच्या मराठी मुलींना त्रास होतो तो बहुतेक आई परत गेल्यावर. सहा महिन्यांचा व्हिसा संपतो, आई विमानात बसते आणि पुढच्या सोमवारपासून बाळ आणि चार भिंती. तिकीट काढतानाच ठरवून ठेवा, ती गेल्यावर पहिले पंधरा दिवस रोज कोण येणार.

---

दुसरीपाळी

कृष्णाकाठ, नवऱ्याने लिहिलं म्हणून मीही लिहितो.

आमच्याकडे बायको ठीक होती, मी नव्हतो. मुलगा तीन महिन्यांचा असताना मला घरी जावंसं वाटेना. पार्किंगमध्ये गाडीत अर्धा-अर्धा तास बसून राहायचो. दारू थोडी वाढली. बायकोला वाटलं, माझं मन उडालंय. मला वाटायचं, हिला आता माझी गरजच नाही, ही आणि तिची आई आणि बाळ. शरीराचं जवळ येणं बंद झालं होतं आणि त्यावर बोलणंही बंद. आठ महिने आम्ही फक्त डायपर आणि लसीकरण यांवर बोललो.

समुपदेशकांकडे गेलो ते वेगळं व्हायचं कसं, हे विचारायला. त्यांनी पहिल्या भेटीत मला विचारलं, "तुम्ही शेवटचे सलग कधी झोपलात?" नव्या बापांनाही नैराश्य येतं हे मला तिथे कळलं. साधारण दहातल्या एकाला, आणि आई आजारी असेल तर जास्त. त्यांनी एकच गोष्ट करायला लावली. रोज रात्री पंधरा मिनिटं, बाळाबद्दल बोलायचं नाही, एकमेकांच्या चुका काढायच्या नाहीत, एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. पहिला आठवडा आम्ही भिंतीकडे बघत बसलो होतो. पाचव्या-सहाव्या दिवशी बायको म्हणाली, "मला भीती वाटते की तू आम्हाला सोडून जाशील." मी तिथल्या तिथे गाडीतल्या अर्ध्या तासाबद्दल सांगून टाकलं.

नातेवाइकांना सांगायचं का, यावर माझं मत, सगळ्यांना नको, पण दोघा-तिघांना नक्की. जे डबा आणतील, रात्री येऊन बसतील, अशांनाच.

---

अबोली_२९

कृपया कोणी ऑनलाइन आहे का? माझी धाकटी बहीण नऊ दिवसांपूर्वी बाळंत झाली. तीन रात्री ती अजिबात झोपलेली नाही, पण थकलेली वाटत नाही. सारखी बोलतेय. बाळ देवाचं आहे म्हणते, ते मोबाईलमधून तिच्याशी बोलतं म्हणते. मध्येच घाबरून दाराला कडी लावते. परवा बारसं आहे. आई म्हणते, एवढे पाहुणे बोलावलेत, बारसं होऊ दे, मग बघू. शेवंतीताईंचं वाचून मला भीती वाटतेय.

---

ओंजळ

अबोली, बारसं थांबवा. आजच न्या, आत्ता. जवळचं मानसोपचार विभाग असलेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय किंवा जिल्हा रुग्णालय. गाडी नसेल तर १०८ लावा. दरम्यान तिला बाळाबरोबर एक मिनिटही एकटी ठेवू नका, पण बाळ तिच्या नजरेआड करून तिला आणखी घाबरवू नका. शेजारी तिच्या विश्वासातलं कोणीतरी सतत हवं. ती जे म्हणतेय ते खोटं आहे असं पटवत बसू नका, हो-हो पण म्हणू नका. "तुला भीती वाटतेय, आम्ही इथेच आहोत," एवढंच. खोलीतली गर्दी कमी करा, मोबाईल बाजूला, दिवा मंद. कोणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. पण फोनवर अडकून निघायला उशीर करू नका.

---

शेवंती

आईला माझं लिहिलेलं वाचून दाखवा. मी सांगितलंय म्हणा.

---

पायवाट

तुमच्या गावच्या आशाताईंना लगेच बोलवा. तालुक्याला गाडी लवकर मिळते त्यांच्या ओळखीने.

---

अबोली_२९

अठरा दिवसांनी लिहितेय. उशीर झाला, माफ करा.

त्याच रात्री नेलं. आईला ताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, उठून पिशवी भरायला लागली. बारशाला येणाऱ्यांना माझ्या भावाने फोन करून सांगितलं, बाळंतीण आजारी आहे. एवढंच. कोणी जास्त विचारलं नाही, खरं सांगायचं तर आम्हीच जास्त घाबरलो होतो.

भरती करताना आधी आम्हाला सांगितलं गेलं की बाळ घरी ठेवा. भावाला कोणीतरी कायद्याबद्दल सांगितलं होतं, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २१ मध्ये लिहिलंय की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करायचं नाही. त्याने शांतपणे ते विचारलं. पहिले चार दिवस तिची अवस्था फारच वाईट होती, तेव्हा बाळ माझ्याकडे बाहेरच्या खोलीत होतं आणि डॉक्टर बरोबर असतानाच तिच्याकडे न्यायचो. पाचव्या दिवसापासून दिवसा तिच्या खोलीत. कोणीतरी कायम सोबत. डॉक्टर म्हणाले, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आजारांच्या मोठ्या सरकारी संस्थेत आई आणि बाळ दोघांना एकत्र भरती करणारा वेगळा विभाग २००९ पासून आहे, आपल्याकडे जमेल तसं करूया. आणि त्यांनी केलं. मी त्यांची ऋणी आहे.

आता ती झोपते. मोबाईलमधून कोणी बोलत नाही. आपण काय-काय म्हणालो हे तिला थोडं आठवतंय आणि त्याची तिला फार लाज वाटतेय. दोन दिवसांत घरी सोडतील. औषधांमुळे दूध थांबवावं लागलं, त्याचं तिने खूप मनाला लावून घेतलंय. काल मला म्हणाली, "मी दूधही देऊ शकले नाही, आता तो मला कशाला ओळखेल?" मला काय उत्तर द्यावं कळलं नाही. इथे विचारते.

---

कृष्णाकाठ

माझ्या बायकोने हे वाचलं, तिचं उत्तर देतो. रात्रीची एक बाटली तिलाच पाजू द्या. नऊची असेल तर नऊची. बाकीच्या तुम्ही द्या आणि तिला झोपू द्या. आणि लाज वाटते म्हणाली की लगेच "अगं काही नाही, विसर," असं म्हणू नका. तिला पूर्ण बोलू द्या. आमच्याकडे ते बोलायला तिला सहा महिने लागले, कारण प्रत्येक वेळी आम्ही विसर म्हणायचो.

---

शेवंती

अबोली, दूध गेलं तर जाऊ दे. डॉक्टर हो म्हणतायत ना, मग रोज मूल तिच्या मांडीवर द्या. दमली असेल तर दहाच मिनिटं द्या. तुमच्यापैकी एकीने शेजारी बसा, हात पुढे करून बसा हवं तर, पण मूल तिच्या मांडीवर द्या.